पाण्याच्या पेटीत डोकं

१ ऑक्टोबर १९७१. लंडनमधल्या विम्बल्डनचं अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटल. टेबलावर एक बाई आडवी झाली आहे आणि तिचं डोकं चक्क पाण्याच्या पेटीत आहे. केस मात्र कोरडे, कारण मध्ये रबराची टोपी आहे. रुग्णाच्या मेंदूचा हा पहिला सीटी स्कॅन.

यंत्र बनवलं ईएमआय कंपनीच्या गॉडफ्री हाऊन्सफिल्ड यांनी. त्यांचा प्रयोगशाळेतला पहिला सांगाडा लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, बैठकीवर उभारलेला होता. त्यावर एका नमुन्याचं चित्र काढायला ९ दिवस लागायचे! गॅमा किरणांच्या जागी एक्स-रे ट्यूब आली आणि ते काम ९ तासांवर आलं.

रुग्णाला एवढा वेळ कोण झोपवणार? हॉस्पिटलमधल्या यंत्राला एका फेरीला पाचेक मिनिटं लागत. ट्यूब आणि समोरचा डिटेक्टर, म्हणजे किरण मोजणारा भाग, सरळ रेषेत सरकायचे, १६० नोंदी घ्यायचे, मग एक अंश वळायचे आणि पुन्हा तेच. असं १८० वेळा. तेवढ्यात डोकं जरा हललं, तरी चित्रावर रेघोट्या. टोपी डोक्याला घट्ट बसायची, ती म्हणूनही कामाची.

पण पाणी कशाला? कवटीच्या बाजूने, नुसत्या हवेतून जाणारा किरण पूर्ण जोरात येतो आणि मधून जाणारा क्षीण होऊन. एवढी तफावत मोजणं तेव्हाच्या डिटेक्टरला जड जायचं. भोवती पाणी असलं की प्रत्येक किरणाची वाट जवळपास सारखी होते. डोकं धरायची सोय आणि गणिताची सोय, दोन्ही एकाच पेटीत. या यंत्रातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच, असं आम्हाला वाटतं.

आणि अडचणही तीच. डोकं बुडवता येतं. पोट, छाती कशी बुडवणार?

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात रॉबर्ट लेडली यांनी, शिक्षणाने हे दंतवैद्य बरं का, पेटीच काढून टाकली. १९७४ मध्ये त्यांच्या 'अ‍ॅक्टा' यंत्रात अख्खं शरीर स्कॅन होऊ लागलं.

आता सगळा भार टेबलावर आला. १९८९ च्या सुमारास स्पायरल सीटी आला, तेव्हा तर स्कॅन चालू असतानाच टेबल एकसारख्या वेगाने सरकू लागलं. टेबल अडखळलं तर चित्र बिघडणार. त्याचा वरचा पाट कार्बन फायबरचा असतो, कारण धातू किरण अडवतो. पण पाट यंत्राच्या कड्यात शिरतो तेव्हा त्याच्या पुढच्या टोकाला खालून आधार नसतो. रुग्ण वजनदार असला की ते टोक किंचित झुकतं, आणि कर्करोगाच्या रेडिएशन उपचारांचं प्लॅनिंग करणाऱ्यांना तो झुकाव मिलिमीटरमध्ये तपासावा लागतो.