माग होता ती खोली

[दृश्य: वडगावातली गल्ली, सकाळ. एका घरातून यंत्रमागाचा आवाज.]

बेळगावच्या वडगावात आजही कित्येकांना मागाच्या आवाजानंच जाग येते. वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग. मुलं घर सोडून गेली की त्यांच्या रिकाम्या खोलीचं काय होतं, ते बघायला आपण जातोय त्या मावशींच्या घरात मात्र आता माग नाही. एके काळी होता.

[दृश्य: जमीन, अगदी जवळून.]

ही फरशी बघा. सगळीकडे जुनी शहाबादी, वर्षानुवर्षं पाय लागून गुळगुळीत झालेली. आणि खिडकीजवळ हा एवढा चौकोन फिकट, जरासा दबलेला. इथं खड्डामाग होता. मावशींचे सासरे खड्ड्यात पाय सोडून दिवसभर धोटा, म्हणजे आडवा दोरा नेणारी नळी, फेकायचे, सासूबाई शेजारी बसून दोऱ्याच्या कांड्या भरायच्या. पुढं मुलगी दहावीला गेली. अभ्यासाला जागा हवी म्हणून माग मोडला, खड्ड्यात मुरूम भरला, वर फरशी घातली आणि त्याच जागी टेबल ठेवलं. पोरांनी शिकावं म्हणून या घरानं आपला माग उठवला.

पोरं शिकलीही. मुलगी लग्न होऊन पुण्याला, मुलगा नोकरीला बेंगळूरला. खोलीला कडी लागली.

मावशी सांगतात, "दोन वर्षं उघडलीच नाही म्हणा की. केर काढायला गेलं तरी पोटात कालवायचं."

बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीशी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीची ओल हटत नाही. त्यात खिडकी बंद, वारा नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कडी काढली तेव्हा कापसाची गादी जड झाली होती, वह्यांची पानं एकमेकांना चिकटली होती आणि मुलीच्या बक्षिसाच्या फ्रेममध्ये काचेच्या आतून करडे ठिपके चढले होते. मावशी ती फ्रेम हातात घेऊन उंबऱ्यावरच बसल्या. ज्यासाठी खोली जपली, तेच खराब झालं होतं.

[दृश्य: शिलाई मशीन, साडीचा काठ, सुई.]

आज त्या खोलीत पिको-फॉलचं काम चालतं. खिडकीचा उजेड सरळ मशीनवर पडतो. तो आधी मागावर पडायचा, मग पुस्तकावर. टेबल तेच आहे. मुलानं कर्कटकानं कोरलेलं स्वतःचं नाव साडी सरकली की दिसतं. ते घासून काढायचं नाही, असं मावशींनी सुताराला बजावलं होतं.

[दृश्य: टिळकवाडीतली माडी, जिन्याखाली चपलांचे जोड.]

टिळकवाडीतल्या एका काकांनी वरची खोली शिकणाऱ्या मुलांना दिली. बेळगावात अशा मुलांना तोटा नाही. १९१६ साली केएलई ही शिक्षणसंस्था सुरू झाली, १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ इथं आहे. विजयपूर, बागलकोटकडून मुलं येतात. खोली भाड्यानं देणाऱ्या आईवडिलांना कळकळीनं सांगावंसं वाटतं ते हे, की तोंडी बोलीवर खोली देऊ नका. करार कागदावर करा. तो ११ महिन्यांचा करतात, कारण वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेकराराची नोंदणी करावीच लागते. पोरगं कुठलं, घरी फोन कुणाला करायचा, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

पण काकांना विचारलं तर ते भाड्याविषयी बोलतच नाहीत. रात्री जिन्यावर पाऊल वाजलं की ते खालून कानडीत विचारतात, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. वरून उत्तर येतं, "झालं काका." काकांचं कानडी आणि त्या पोराचं मराठी, दोन्ही या जिन्यावरच सुधारलं. स्वतःच्या मुलाच्या पावलाची वाट बघत जागं राहायची सवय होती, ती अशी उपयोगी पडली.

खानापूरकडच्या एका घरात वेगळंच घडलं. तिथं आजी-आजोबाच माडीवरून खाली, मुलाच्या खोलीत आले. न्हाणीघर चार पावलांवर, जिना चढणं-उतरणं टळलं. गुडघे दुखेपर्यंत थांबायला नको होतं, एवढंच आजी म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र हे सगळं चित्रित करताना सलत राहिली. मुलीचं सामान लग्नानंतर महिन्याभरात बोचक्यात जातं. मुलाची क्रिकेटची बॅट दहा वर्षं दारामागं तशीच उभी असते. माहेरी आलेल्या लेकीनं आपली पिशवी सोफ्यावर ठेवायची, हे बरं नाही. खोलीचं काहीही करा, पण आधी दोघांना फोन करा. काय ठेवायचं, काय द्यायचं, त्यांनाच ठरवू द्या.

वडगावच्या मावशींनी तसंच केलं. मशीन आणण्याआधी दोघांना बोलावलं. कपाटाचे दोन खण केले, एक त्याचा, एक तिचा. दोन्हीच्या किल्ल्या देवघराच्या कोनाड्यात असतात.

[दृश्य: चतुर्थीची आदली रात्र. गल्लीत मंडपाचे दिवे.]

उद्या गणपती. मुलगा सकाळच्या गाडीनं यायचा आहे, मुलगी संध्याकाळीच आली. मशीन भिंतीला सरकवलंय, फिकट चौकोनावर गादी पडलीय, नातू झोपलाय. गौरीच्या साड्यांना फॉल लावायचे बाकी आहेत. मशीनच्या आवाजानं पोर उठेल म्हणून मायलेकी हातानंच शिवतायत. मुलीनं सुईत दोरा ओवला आणि आईकडे दिला.

"आई, माझी किल्ली कुठाय गं?"

"कोनाड्यात. तुझी लाल दोऱ्याची."