चिंगी, वय 17

(दृश्य: गिरगावातली जुनी चाळ, दुसरा मजला. खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली सलाईनची बाटली.)

रिंगर लॅक्टेटची बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. गार सलाईन अंगात शिरलं की चिंगी शहारते. बाटली कोमट झाली की काका ती खिडकीला टांगतात. काकू चिंगीला मांडीवर घेतात, दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलतात आणि सुई आत सरकवतात. काकूंनी जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवले. सुईवर त्यांचा हात बसलेला आहे.

काकूंचा आवाज: अहो, किती गेलं बघा.
काकांचा आवाज: शंभर होत आले. अजून जरा धर.

कातडीखाली साठलेलं पाणी हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतं आणि संध्याकाळपर्यंत जिरून जातं. मग चिंगी थोडी तरतरीत दिसते. दूध नाकारते, पण मांदेलीचा वास आला तर मान वर करते. एक दिवसाआड हे असं चाललं आहे.

(दृश्य: कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. इलेक्ट्रॉनिक काट्यावर कापडी पिशवी, पिशवीतून बाहेर आलेलं मांजराचं तोंड.)

एके काळी हिचं वजन 4 किलो 200 ग्रॅम होतं. आज काटा 2 किलो 600 दाखवतो. पाठीवरून हात फिरवला तर मणका न् मणका मोजता येतो.

17 वर्षांचं मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबात चौऱ्याऐंशीच्या घरातली म्हातारी. या वयातल्या मांजरांना गाठणारा सगळ्यात नेहमीचा आजार मूत्रपिंडाचा. तो दबक्या पावलांनी येतो. मूत्रपिंडाचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ घटक, वाढलेलं दिसतच नाही. घरच्यांच्या लक्षात येतं ते एवढंच, की ही हल्ली पाणी फार पिते, ट्रेमधली वाळू सारखी ओली असते. उन्हाळा आहे म्हणून पीत असेल, असं म्हणून घर पुढे चालू राहतं. या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. क्रिएटिनिन 5 च्या वर गेलं की चौथी. चिंगीचा आकडा 6 च्या पुढे आहे.

रिपोर्ट पाहून काकूंनी डॉक्टरबाईंना विचारलं, किती दिवस आहेत हिचे?

डॉक्टरबाई म्हणाल्या, «काकू, ते मला सांगता येणार नाही. तिचा आजचा दिवस कसा गेला, ते तुम्ही मला सांगा.»

मला वाटतं, सगळ्या प्रकरणाची किल्ली या उत्तरात आहे. आपण मरणाची तारीख विचारत राहतो. पण मांजराला उद्या माहीत नसतो. त्याच्यापुढे फक्त आजचा दिवस असतो, आणि तो कसा जातोय हे त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाइतकं कुणालाच कळत नाही.

(दृश्य: शिलाई मशीनखाली अंग आखडून बसलेली चिंगी. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर.)

कळायला मात्र शिकावं लागतं, कारण मांजर दुखणं लपवतं. ते केकाटत नाही, लंगडत दारात येऊन उभं राहत नाही. ते मशीनखाली जाऊन बसतं. पंजे अंगाखाली घेतं, अंग चाटायचं सोडून देतं, मग पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या होतात. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यात पाच गोष्टी बघायच्या असतात. कान एकमेकांपासून लांब जाऊन बाहेर वळलेत का? डोळे बारीक झालेत का? नाकातोंडाचा भाग ताठलाय का? मिशा सरळ होऊन पुढे आल्यात का? डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलंय का? प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. बेरीज 10 पैकी 4 किंवा जास्त आली, तर वेदनाशामक द्यायची वेळ झाली आहे.

काकूंचा एकच आक्षेप होता. «पण ती घुरघुरते की हो.»

घुरघुरते, खरं आहे. पण मांजर आनंदात घुरघुरतं तसं दुखण्यातही घुरघुरतं. नुसत्या घुरघुरीवर विसंबू नये.

आणि एक गोष्ट इथेच सांगतो, कारण यात जीव जातात. मांजर कण्हतंय म्हणून घरातली क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल, कधीही देऊ नका. अर्धीही नको. पॅरासिटामॉल पचवायला यकृतात जी रसायनं लागतात ती मांजराकडे नसल्यासारखीच असतात. त्याचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. एक गोळी पूर्ण वाढलेल्या मांजराला मारू शकते. मांजरांना चालतील अशी वेदनाशामकं आहेत, पण ती डॉक्टरांनी वजन आणि मूत्रपिंड बघूनच द्यायची.

(दृश्य: चाळीचा सामाईक व्हरांडा. शेजारणी भाजी निवडत बसल्या आहेत.)

चाळीतलं मत बहुतेक एकमुखी आहे. «राहू दे गं तशीच. झोपेत जाईल सुखाने.»

ही माणसं प्रेमाने बोलतात, म्हणून त्यांना उत्तर देणं जड जातं. पण द्यायला हवं. या आजारात झोपेत सुखाने जाणं क्वचितच वाट्याला येतं. जे विष लघवीवाटे जायचं ते रक्तात साठतं. सतत मळमळ होते. तोंडात आणि जिभेच्या कडेला व्रण पडतात, खायला गेलं की झोंबतं, म्हणून भूक असूनही मांजर ताटलीवरून तोंड फिरवतं. शेवटी शेवटी झटके येऊ शकतात. हे सगळं काही दिवस चालतं आणि बहुतेक वेळा रात्री दोन वाजता टोकाला जातं, जेव्हा एकही दवाखाना उघडा नसतो. निसर्गावर सोपवलं असं आपण म्हणतो खरं, पण सलाईन, औषधं, मिक्सरमधून काढलेलं जेवण देऊन आपण निसर्गाच्या कामात केव्हाच हात घातलेला असतो. मग शेवटच्या वळणावर हात काढून घ्यायचा, हे मला पटत नाही.

काकूंना वेगळीच भीती आहे. त्यांची आजी सांगायची, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं. एवढं ते पाप.

मांजर दाणागोटा राखायचं, उंदीर धरायचं. त्याच्यावर कुणी काठी उगारू नये म्हणून जुन्या लोकांनी घातलेलं ते कुंपण असावं. पण भीती अशी समजावून जात नाही. म्हणून त्या संध्याकाळी काकांनी एक जुनी गोष्ट काढली.

1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत पडून होतं. उपाय थकले होते. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी बोलून, डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याचा शेवट करवला. देशभर गहजब झाला, संतापलेली पत्रं आली. अहिंसेचा पुजारी आणि वासराचा जीव घेतो? गांधीजींनी आपल्या «नवजीवन» साप्ताहिकातून आपली बाजू उघड मांडली. जिथे बरं होण्याची आशा नाही आणि वेदना कमी करणंही हातात नाही, तिथे त्या जिवाला सोडवणं त्यांना अहिंसेचाच भाग वाटलं होतं.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, «त्यांचं धैर्य होतं. माझं कुठलं?»

(दृश्य: भिंतीवरचं कालनिर्णय. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी लाल पेनाच्या खुणा.)

धैर्य एकदम येत नाही, ते असं चौकटीचौकटीने येतं. डॉक्टरबाईंनी काकूंना दोन कामं दिली. पहिलं, चिंगीच्या आवडीच्या गोष्टी लिहून काढा. काकूंनी लिहिलं: गॅलरीतलं सकाळचं ऊन. मांदेली. काकांच्या उघड्या पेपरवर बसणं. कोळीण आली की तिच्याआधी दारात हजर होणं. मशीनच्या फळीवर उडी मारून झोपणं. दुसरं काम, रोज रात्री कॅलेंडरवर खूण करायची. दिवस चांगला गेला तर बरोबर, वाईट गेला तर फुली.

अमेरिकेतल्या प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांनी 2004 मध्ये यासाठी एक रीतसर तक्ता केला. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी 10 पैकी गुण. एकूण 35 च्या वर असेल तर सेवा चालू ठेवायला हरकत नाही. काकूंनी तो तक्ता वाचला, बाजूला ठेवला, आणि लाल पेनवरच भर दिला. मलाही तेच जास्त खरं वाटलं. गुण देताना माणूस हात सैल सोडतो. पण आठवड्याच्या ओळीत पाच फुल्या आल्या की त्यांच्याकडून नजर हटवता येत नाही.

आधी मशीनवरची उडी गेली. मग कोळणीचा आवाज ऐकूनही चिंगी उठेना. मग मांदेली.

मांजर खायचं थांबलं की वाट बघायला वेळ नसतो. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि तो आणखी एक आजार होऊन बसतो.

पैशाचाही विचार आला. काकांच्या पेन्शनमध्ये तो येणारच. ॲडमिट करून शिरेतून सलाईन देण्याचा पर्याय होता. त्यातून मिळाले असते ते चार-सहा दिवस, तेही पिंजऱ्यात, अनोळखी कुत्र्यांच्या भुंकण्यात. पैसे असते तरी हे तिच्यासाठी करावं का, असं काकांनी विचारलं, आणि दोघांनी मिळून नाही म्हटलं.

(दृश्य: गुरुवार, दुपार. गॅलरीत जुन्या नऊवारीची घडी, तिच्यावर चिंगी.)

डॉक्टरबाईंनी घरी यायचं कबूल केलं. टोपलीत घालून टॅक्सीने नेलं असतं, तर शेवटचा तास रडण्यात गेला असता. येण्याआधी फोनवर त्यांनी सगळं नीट सांगितलं. तुम्हीही हे आधीच विचारून घ्या. पहिलं इंजेक्शन गुंगीचं असेल का? ते असलंच पाहिजे. गाढ झोप लागल्यावरच दुसरं, भुलीच्या औषधाचा मोठा डोस, शिरेतून. काही मिनिटांत श्वास थांबतो, मग हृदय. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा खोल श्वास आल्यासारखं वाटतं, लघवी होते. ती जिवंत असल्याची खूण नव्हे. हे ठाऊक नसलं तर माणूस वर्षानुवर्षं त्या एका श्वासापाशी अडकून पडतो.

काकूंनी तिचं डोकं तळहातावर धरलं होतं. डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप लावून खात्री केली आणि हळूच मान हलवली.

चाळीला अंगण नाही, पुरायला माती नाही. मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाड पश्चिमेला लहान पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारं दहनगृह सुरू केलं. काका आणि त्यांचा पुतण्या चिंगीला घेऊन तिथे जाऊन आले.

पुढे काही दिवस व्हरांड्यात कुणी ना कुणी म्हणायचं, मांजरच होतं ना, दुसरं आण. काकूंनी कुणाला उत्तर दिलं नाही. खालच्या मजल्यावरची एक बाई मात्र वेगळंच विचारायला आली. तिच्या बोक्याच्या जबड्यात गाठ निघाली होती. दारातच उभी राहून तिने विचारलं, «काकू, तुम्हाला कसं कळलं हो, वेळ झाली ते?»

काकूंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. «बस आधी. मला सांग, काल रात्री जेवला का तो? आणि घरात कालनिर्णय आहे ना तुझ्या?»