‘व्हॅनचं इंजिन’ असलेली पोर्शे

(दृश्य: लांब, उतरतं बोनेट. त्यातून दोन हेडलाइट वर उघडतात.)

पोर्शे ९२४. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत हिचं नाव काढलं, की कुणीतरी नाक मुरडतंच. तेही बहुतेक वेळा पोर्शेचाच चाहता असतो. "ती होय? तिला व्हॅनचं इंजिन आहे!" गाडी बाजारात आली १९७६ साली, आणि तेव्हापासून हा शेरा तिच्या मागे लागलाय. कमी पैशांत खरीखुरी स्पोर्ट्स कार दारात उभी करायची असेल, तर त्या शेऱ्याचे आभार माना. त्यानेच तर तिची किंमत इतकी वर्षं जमिनीवर ठेवली.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, ड्रॉइंग बोर्ड.)

मुळात ही पोर्शे व्हायचीच नव्हती. फोक्सवॅगनने पोर्शेला काम दिलं होतं: आमच्यासाठी एक स्पोर्ट्स कूपे आखा, पण सुटे भाग शक्यतो आमच्याच कारखान्यांतले वापरा. प्रकल्पाचं नाव ईए ४२५. अनातोल लापिन यांच्या डिझाइन विभागात हार्म लागाय या डच डिझायनरने तिला रूप दिलं. इंजिन ऑडीचं. मागचं सस्पेन्शन बीटलच्या घराण्यातलं.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. पेट्रोल कडाडलं, आणि फोक्सवॅगनला स्पोर्ट्स कार म्हणजे नसतं लचांड वाटू लागलं. १९७५ मध्ये टोनी श्म्यूकर फोक्सवॅगनचे प्रमुख झाले आणि जवळजवळ तयार असलेल्या गाडीवर काट बसली. तेव्हा पोर्शेने पैसे मोजून, आपणच आखलेली गाडी आपणच विकत घेतली. ती बांधली गेली जर्मनीतल्या नेकार्झुल्मला, एनएसयू या जुन्या गाडी कंपनीच्या कारखान्यात. तो कारखाना बंद करण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. या कामाने तो तगला. आणि लवकरच ही ‘सावत्र’ गाडी पोर्शेच्या नावाजलेल्या ९११ पेक्षा जास्त खपू लागली.

आता व्हॅनकडे येऊ. शेरा खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्ये याच जातीचं दोन लिटरचं इंजिन होतं, पण कार्बोरेटरवर चालणारं, ७५ अश्वशक्तीचं. ९२४ मध्ये त्याला कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन मिळालं आणि युरोपातल्या गाडीत ते १२५ अश्वशक्ती देऊ लागलं. म्हणजे एका घरातली दोन भावंडं. एकाने ओझी वाहिली, दुसऱ्याने शर्यतीचे जोडे घातले. बरं, आवाज थोडा खरखरीत आहे, हे मान्यच करायला हवं. हे इंजिन गात नाही.

(दृश्य: गाडी लिफ्टवर. कॅमेरा खालून, पुढून मागे सरकतो.)

तिचं खरं मोल दिसतं ते खालून. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, थेट मागच्या चाकांपाशी. दोन्हींना जोडणारी एक लांब पोलादी नळी, आणि तिच्या आत फिरणारा बारीक शाफ्ट. वजन पुढे साधारण ४८ टक्के, मागे ५२. खांद्यावरच्या कावडीला दोन्ही बाजूंनी घागरी सारख्या भरलेल्या असाव्यात, तसा हा तोल. त्या काळच्या ९११ मध्ये इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं. भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात, तर मागची बाजू पुढे यायला बघायची. ९२४ नवशिक्याला सांभाळून घेते.

(दृश्य: घाटातला रस्ता, एकामागून एक वळणं.)

वजन जेमतेम १,१०० किलोच्या आसपास. कमाल वेग ताशी २०० किलोमीटर. आजच्या हिशोबात हे काहीच नाही, आणि मजा नेमकी तिथेच आहे. पाचशे घोड्यांच्या गाडीत पाय अर्धा दाबेपर्यंत कायदा मोडलेला असतो. इथे पाय पूर्ण दाबायचा, गिअर मनसोक्त बदलायचे, आणि कमावलेला वेग वळणात सांडू द्यायचा नाही. मागे अख्खी काचेची डिकी. बॅगा, किराणा, सगळं मावतं. मागच्या दोन सीट मात्र लहान मुलांसाठीच.

शर्यतीचाही वारसा आहे: १९८० साली फ्रान्समधल्या ल मांसच्या २४ तासांच्या शर्यतीत हिच्या टर्बो भावंडाने सहावा क्रमांक काढला. पण पार्किंगमध्ये टोमणे मारणाऱ्याला हे सांगून उपयोग होत नाही.

(दृश्य: गॅरेज. तडकलेला डॅशबोर्ड, गंजलेला बॅटरीचा ट्रे.)

स्वस्ताईची दुसरी बाजूही बघून घ्या. गाडीलाच किंमत नाही म्हटल्यावर मधल्या काळातल्या मालकांनी तिच्यावर खर्च केला नाही. हे दुरुस्त करायचं राहिलं, ते जुगाडावर भागवलं. मग अशा खिळखिळ्या गाड्या चालवून लोक म्हणाले, बघा, वाईटच आहे. बदनामी अशी स्वतःच स्वतःला पोसत राहिली.

तेव्हा घेताना चकचकीत रंगाला भुलू नका. तळाच्या पत्र्याला सुरुवातीपासूनच जस्ताचा मुलामा होता, पुढे सगळ्या बॉडीला मिळाला, त्यामुळे सांगाडा टिकतो. पण बॅटरीखालचा पत्रा गंजतो आणि पाणी थेट आत पायांपाशी येतं. मागच्या काचेचं रबर तपासा. डॅशबोर्ड तडकलेला असणार, ते गृहीत धरा. आणि जुन्या बिलांची फाइल मागा. फाइल नसेल, तर भाव पाडा किंवा घरी जा.

जर्मनीत तीस वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘एच’ नंबरप्लेट मिळते आणि वर्षाचा कर ठरावीक, दोनशे युरोंच्या आत राहतो. बीटल-ऑडीच्या नातेसंबंधाचा फायदा इथेही होतो: बरेचसे यांत्रिक भाग पोर्शेच्या काउंटरवर न जाताही मिळतात.

कोणती घ्यावी? जास्त ताकद हवी असेल तर शेवटची ९२४ एस, १९८८ ची. तिच्यात पोर्शेच्याच नंतरच्या ९४४ या गाडीचं अडीच लिटरचं इंजिन आहे, १६० अश्वशक्तीचं, आणि ‘व्हॅन’चा टोमणाही मिटतो. पण त्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा, तुटला, की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि बिल बघून माणूस खाली बसतो. दोन लिटरवालीचा बेल्ट तुटला, तर गाडी नुसती बंद पडते. नवा बेल्ट टाकून पुढे निघता येतं.

आमचं मत दोन लिटरवालीला. टोमण्यासकट.