डुकराने राखलेला किल्ला

नमस्कार श्रोतेहो. आज जाऊया दक्षिण फ्रान्सच्या लांगदॉक भागात, ओद नदीकाठच्या कार्कासोनला. तट दुहेरी, बुरूज 52. पुन्हा सांगतो, दुहेरी तट आणि 52 बुरूज.

नार्बोन दरवाजाशी एका बाईचा दगडी अर्धपुतळा आहे. वाटोळा चेहरा, हसरे गाल. ही दाम कार्कास. हिची गोष्ट सांगायला मी एका पायावर तयार असतो!

किल्ला अरबांचा, वेढा फ्रँक लोकांच्या शार्लमेन बादशहाचा. एक वर्ष झालं, दोन झाली, पाच झाली, तरी वेढा उठेना. किल्लेदार गेला, शिबंदी खपली, उरली त्याची बायको. तिने काय केलं, गवताचे बाहुले बांधले, त्यांना शिरस्त्राणं चढवली, तटावर उभे केले आणि स्वतः या बुरुजावरून त्या बुरुजावर धावत बाण सोडत राहिली. खालच्यांना वाटावं, वर माणूसबळ भरपूर आहे. पण सगळी सोंगं आणता येतात, भरल्या पोटाचं कसं आणणार? बाईने तेही आणलं. गडावर उरलं होतं एक डुक्कर आणि गव्हाचं एक पोतं. गहू माणसांच्या तोंडून काढून डुकराला नाकापर्यंत चारला आणि डुक्कर दिलं तटावरून भिरकावून. आदळलं, फुटलं, पोटातून गहूच गहू! खालच्यांनी कपाळाला हात लावला. पाच वर्षांनीसुद्धा हे लोक डुकरांना गहू घालतात? वेढा उठला.

खरं विचाराल तर ही दंतकथा. अरबांकडून हे ठाणं फ्रँकांनी घेतलं ते शार्लमेनच्या बापाच्या, पेपँच्या अमदानीत. खरा वेढा 1209 चा, चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर या ख्रिस्ती पंथाविरुद्ध पोपने पुकारलेल्या धर्मयुद्धातला. पंधरवड्यात पाण्याने दगा दिला, किल्ल्याचा तरुण सरदार त्रांकाव्हेल हाती लागला आणि त्याच साली स्वतःच्याच किल्ल्यातल्या कोठडीत मेला.

1659 च्या फ्रान्स-स्पेन तहाने सरहद्द दक्षिणेला सरकली नि किल्ल्याची किंमत गेली. एकोणिसाव्या शतकात तो पाडायलाच निघाले होते. वाचला, आणि 1853 पासून वास्तुकार व्हिओले-ल-द्यूकने डागडुजी केली. त्याने चढवलेली टोकदार काळी छपरं उत्तर फ्रान्सच्या धाटणीची, म्हणून जाणकार अजून नाकं मुरडतात. मुरडोत बापडे! छप्पर घालणाऱ्याला नावं ठेवायची ती त्याच छपराखाली उभं राहून, ही जाणकारांची जुनी खोड.

जवळूनच मिदी कालवा जातो. 1666 ते 1681 खोदकाम चाललं; खोदवणारा रिके उद्घाटनाच्या काही महिने आधी गेला. कास्तेलनोदारीला थांबून पांढऱ्या घेवड्याचं, बदकाच्या मांसाचं कासुले खा.

आणि हो, किल्ल्यात शिरायला पैसे पडत नाहीत. तिकीट आतल्या वाड्याचं आणि तटावरच्या फेरीचं. नमस्कार.