'कोमा' वाचला आणि मग ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) गेले

नमस्कार सगळ्यांना. पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'व्याख्याती' छापलंय, ते बघून आजी म्हणाली, अगं आधी डॉक्टर तरी हो. बरोबरच आहे तिचं. मी थर्ड इयरला आहे, मुंबईतल्याच एका म्युनिसिपल हॉस्पिटलच्या कॉलेजात, आणि आज रॉबिन कुकच्या 'कोमा' या कादंबरीवर बोलणार आहे. समीक्षा वगैरे मला जमत नाही, वाचताना डोक्यात काय काय झालं ते सांगते, मधे भरकटले तर थांबवा.

पुस्तक १९७७ चं. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या ढिगात मिळालं, कव्हर अर्धं फाटलेलं. आमची एक सिनियर म्हणाली होती की अ‍ॅनेस्थेशियाची, म्हणजे भूल विभागाची, पोस्टिंग लागायच्या आधी हे वाचू नकोस, म्हणून अर्थातच लगेच वाचलं. पन्नास वर्षं होत आली पुस्तकाला, त्यामुळे मी शेवट सांगितला तर कोणी ओरडायचं नाही.

गोष्ट बोस्टनची. सुसान व्हीलर नावाची मेडिकल स्टुडंट, सर्जरीच्या पोस्टिंगचा पहिलाच दिवस, आणि तिच्या लक्षात येतं की या हॉस्पिटलात अगदी साध्या साध्या ऑपरेशनला आलेले तरुण धडधाकट लोक भुलीतून उठतच नाहीयेत. एक बाई डी अँड सी, म्हणजे गर्भपिशवी साफ करण्यासाठी आलेली, एक माणूस गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. ऑपरेशन छान होतं, टाके घालून होतात, भूल उतरायची वेळ येते आणि बघतात तर डोळ्यांच्या बाहुल्या पसरलेल्या, मेंदू गेलेला. मोठे डॉक्टर म्हणतात कॉम्प्लिकेशन आहे, होतं असं. ही पोरगी म्हणते इतक्या वेळा कसं होतं? मग ती खोदत जाते आणि कळतं की हे सगळे एकाच ऑपरेशन थिएटरमधले, आठ नंबरच्या, आणि त्या थिएटरला जाणाऱ्या ऑक्सिजनच्या पाइपला छताच्या वर कोणीतरी गुपचूप कार्बन मोनॉक्साइड जोडलाय. का, तर अवयव विकायला.

लेखक स्वतः डॉक्टर, डोळ्यांचा सर्जन, आणि ते जाणवतं. पहिल्या दिवशी वॉर्डात उभं राहिल्यावर हाताचं काय करायचं हेच कळत नाही, एप्रनच्या खिशात घालावे की मागे बांधावे, कोणीतरी नाव विचारतं आणि उत्तर ऐकायच्या आधीच पुढच्या बेडकडे वळतं, सुई लावायला सांगतात तेव्हा पेशंटपेक्षा आपणच जास्त घाबरलेलो असतो. हे असलं सगळं त्याने इतकं अचूक लिहिलंय ना की मी बेस्टच्या बसमध्ये वाचताना मोठ्याने हसले. बोस्टन काय आणि परळ काय, तिथे आणि इथे थर्ड इयरच्या पोराची किंमत सारखीच. सुसानच्या दिसण्याचं वर्णन मात्र पानोपानी आहे, त्याचा कंटाळा आला. हुशार आहे हे एकदाच सांगतो, सुंदर आहे हे दहादा. आणि तिने काही शंका काढली की पुरुष डॉक्टर म्हणणार, तू फार इमोशनल होतेस. आम्हाला आता तसं तोंडावर कोणी म्हणत नाही, आता म्हणतात सर्जरी कशाला, डर्मा, म्हणजे स्किन घे, लाइफ चांगली असते.

काही गोष्टी आपल्याकडे चालल्याच नसत्या. सुसानला कोमाच्या केसेसची यादी हवी असते तर ती हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरून प्रिंटआउट मिळवते, १९७६ साली! आपल्याकडे बिचारी रेकॉर्ड रूममध्ये सुतळीने बांधलेले केस पेपरचे गठ्ठे सोडत बसली असती आणि तिथल्या काकांनी विचारलं असतं, सरांची सही आणलीस का. आणि पाठलाग. रात्रीचे रिकामे कॉरिडॉर, मागे बुटांचे आवाज. मी विचार करत होते आमच्याकडे मारेकरी आला तर कुठून पळणार, कॉरिडॉरमध्ये चटया टाकून नातेवाईक झोपलेले, जिन्यावर डबे, थर्मास, एखादं बाळ, लिफ्टसाठी रांग. त्याला आधी दहा जणांना सॉरी म्हणावं लागेल आणि मग कोणीतरी त्यालाच विचारेल, सोनोग्राफी कुठे हो? मराठीत डॉक्टरांनी लिहिलेलं भरपूर आहे पण थ्रिलर फारसे नाहीत, आठवणीच जास्त, याचं एक कारण ही गर्दी असावं असं मला आपलं वाटतं.

आता गॅसबद्दल, कारण इथे मी खरंच अडकले. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. म्हणजे फुप्फुसात ऑक्सिजन आहे, हृदय चालू आहे, रक्त फिरतंय, पण रक्तातल्या जागा भलत्यानेच अडवून ठेवल्यात, मेंदूपर्यंत ऑक्सिजन पोचतच नाही. आणि कपटी भाग असा की ऑक्सिजन कमी पडला की रक्त काळपट होतं, ओठ नखं निळी दिसतात, तसं इथे होत नाही, रक्त उलट लालभडक राहतं. त्या काळी भूलतज्ज्ञाकडे होतं काय, नाडी, बीपी, ईसीजी आणि स्वतःचे डोळे. म्हणजे त्याला वरवर सगळं ठीकच दिसणार.

मला वाटलं आता तसं होऊच शकणार नाही, आता बोटाला पल्स ऑक्सिमीटर असतो. कोविडमध्ये तुम्ही सगळ्यांनी तो घरी आणलाच होता, चौऱ्याण्णव आलं की सोसायटीच्या ग्रुपवर गोंधळ. तर मी आमच्या अ‍ॅनेस्थेशियाच्या मॅडमना विचारलं, दोन केसच्या मधे त्या चहा पीत होत्या तेव्हा. त्या म्हणाल्या, ऑक्सिमीटर काय मोजतो? मी म्हटलं लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून आरपार पाठवून रक्ताचा रंग बघतो. म्हणाल्या, मग कार्बन मोनॉक्साइडवालं रक्त कोणत्या रंगाचं? तिथेच माझी ट्यूब पेटली. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनवाल्या आणि कार्बन मोनॉक्साइडवाल्या रक्तातला फरक कळतच नाही, तो आरामात अठ्ठ्याण्णव दाखवत बसेल. ते पकडायला रक्त काढून को-ऑक्सिमीटर नावाच्या वेगळ्या मशीनवर तपासावं लागतं, आणि ते कोण करणार, ज्याला आधीच शंका आहे तोच. ऑक्सिमीटर जपानमध्ये शोधला गेला तो सत्तरच्या दशकात, ऑपरेशन थिएटरमध्ये रुळला ऐंशीच्या दशकात, म्हणजे कुकने लिहिलं तेव्हा त्याच्यासमोर हे यंत्र नव्हतंच, तरी त्याने निवडलेली युक्ती नेमकी या यंत्रालाही फसवणारी निघाली. त्या दिवसानंतर ओटीत गेले की मी आधी भिंतीवरच्या गॅसच्या आउटलेटकडे बघते, पांढरा ऑक्सिजनचा, निळा नायट्रसचा, म्हणजे भुलीच्या गॅसचा. सिलिंडरला पिन इंडेक्स असतो, म्हणजे प्रत्येक गॅसच्या पिनांच्या जागा वेगळ्या, नायट्रसचा सिलिंडर ऑक्सिजनच्या जागी बसतच नाही. चुकीपासून वाचवायला हे उत्तम आहे. मुद्दाम करणाऱ्यापुढे काय चालणार.

पण खरं सांगू का, गॅसने मी तेवढी घाबरले नाही. घाबरले ती जेफरसन इन्स्टिट्यूटला. हे पेशंट कोमात गेले की त्यांना एका वेगळ्या संस्थेत हलवतात, आणि तिथे ते तारांनी हवेत टांगलेले असतात, तारा हाडांतून घातलेल्या, खाली गादी नाही. कारण काय, तर गादीच नाही म्हटल्यावर बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होणार नाही. बाकी सगळं कॉम्प्युटर बघतो. माणसं जवळजवळ नाहीतच तिथे. १९७८ मध्ये यावर सिनेमा आला, मायकल क्रायटनने काढलेला, तोही मेडिकल शिकलेलाच, त्यातलं ते दृश्य यूट्यूबवर बघून मी लॅपटॉप बंद केला.

आमच्या मेडिसिनच्या वॉर्डात एक आजोबा होते, स्ट्रोकनंतर बेशुद्ध. अशा पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते, आमच्या टेक्स्टबुकात एक ओळ आहे फक्त. प्रत्यक्षात बघितलं तर सिस्टर एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला, खालची ड्रॉ शीट दोन्हीकडून गुंडाळून धरायची, एक दोन तीन म्हणून ओढायचं, पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मधे घडी केलेली चादर, टाचेखाली पाणी भरून गाठ मारलेला ग्लोव्ह, कॅथेटरची नळी कुठे दबली नाही ना ते बघायचं, पाठ पुसून कोरडी करायची. आणि मावशी त्यांना सांगायच्या, बाबा, आता खिडकीकडे तोंड करू या हां. ते ऐकत नाहीत हे त्यांना माहीत होतं. एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते आपल्याला माहितीये, सगळ्या वॉर्डात सगळ्यांना हे मिळतं असं मी म्हणणार नाही, नाही मिळत.

आणि मुंबईत बसून 'कोमा' वाचताना अरुणा शानबाग आठवणार नाहीत असं होऊच शकत नाही. त्या परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या, १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, गळा आवळल्यामुळे मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही. त्यानंतर २०१५ च्या मे महिन्यात न्यूमोनियाने गेल्या तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, त्या केईएममध्येच होत्या आणि नर्सेसच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांचं सगळं केलं, भरवणं, पुसणं, कूस बदलणं. बेडसोअर होऊ दिला नाही. तारा न लावता. त्यांना तसं ठेवावं की नाही यावर सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली, २०११ चा निकाल, त्यांच्यापुरती याचिका फेटाळली पण काही अटींवर उपचार थांबवायला म्हणजे पॅसिव्ह युथनेशियाला दार उघडलं. त्यावर माझं मत अजून पक्कं नाही, दोन्ही बाजू वाचल्या की दोन्ही पटतात. पण कुकला भविष्यातला कोमा म्हणजे थंड खोली आणि यंत्रं असा दिसत होता, आणि त्याच वर्षांत इथे परळला एका खोलीत त्याच्या अगदी उलट काहीतरी चाललं होतं, हे मला डोक्यातून काढता येत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मॅडम माझे मार्क कापतील. पुस्तकात कोमा आणि ब्रेन डेथ यांची सरमिसळ आहे. अरुणाताई ब्रेन डेड नव्हत्या, त्या स्वतः श्वास घ्यायच्या. ब्रेन डेड म्हणजे ब्रेनस्टेमसकट, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागासकट, सगळं थांबलेलं, व्हेंटिलेटर काढला की श्वास नाही. ही कल्पनाही तशी नवीन, हार्वर्डच्या समितीने निकष मांडले ते ऑगस्ट १९६८ मध्ये. त्याच्या आधी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, केईएमला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण करून दाखवलं होतं, डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं त्याला तीन महिनेही झाले नव्हते! पेशंट काही तासच जगला. पण हृदय कोणाचं, कधी घ्यायचं, मेला असं कोणी म्हणायचं, यासाठी भारतात कायदाच नव्हता, तो झाला १९९४ मध्ये, आणि त्याच वर्षी दिल्लीला एम्समध्ये हृदय प्रत्यारोपण यशस्वी झालं. मधे २६ वर्षं गेली.

तो कायदा वाचताना गंमत वाटते, कोणीतरी 'कोमा' शेजारी ठेवून लिहिलाय असं वाटावं इतका संशयी आहे. चार डॉक्टरांनी ब्रेन डेथ ठरवायची, त्यात प्रत्यारोपणाच्या टीममधला कोणी नको, तपासणी दोनदा करायची, मधे कमीत कमी सहा तास. नातेवाइकांच्या मनात तरीही तोच प्रश्न असतो, काळजाचे ठोके चालू आहेत आणि तुम्ही गेला म्हणताय, अवयव हवेत म्हणून तर नाही ना? मला तो प्रश्न अजिबात अडाणीपणाचा वाटत नाही. मी तर पुस्तक वाचून आठवडाभर तसाच विचार करत होते, आणि मला अ‍ॅप्निया टेस्ट, म्हणजे व्हेंटिलेटर काढून पेशंट स्वतः श्वास घेतो का ते बघायची तपासणी, माहितीये.

पुस्तकाचा शेवट मला फसलेला वाटला. खलनायक निघतो डॉ. स्टार्क, सर्जरीचे चीफ, आणि मग ते लांबलचक भाषण देतात की मोठे निर्णय समाजाला झेपत नाहीत, ते आम्हीच घ्यायला हवेत. गाडी चांगली वेगात असते आणि सिग्नलला उभी राहावी तसं झालं. पण भाषण वाईट नाहीये हीच अडचण आहे, सुरुवातीची दोन वाक्यं मी मान डोलवत वाचली.

दोन चिठ्ठ्या आल्यात. एक काकू विचारतायत की अवयवदानाचं कार्ड भरलंय, तेवढं पुरतं का? नाही काकू, ऐनवेळी घरच्यांची संमती घेतात, त्यामुळे कार्ड कपाटात ठेवू नका, मुलांना आणि सुनेला स्पष्ट सांगून ठेवा. आणि अवयव कोणाला जाणार ते मुंबईत झेडटीसीसी, म्हणजे अवयवांचं वाटप बघणाऱ्या केंद्राच्या वेटिंग लिस्टवरून ठरतं, ऑपरेशन करणारा सर्जन आपल्या मनाने ठरवत नाही.

दुसरी चिठ्ठी, पुढच्या आठवड्यात पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, पुस्तक न्यावं का. काका, आधी ऑपरेशन करून या. भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, दात हलत असेल तर सांगा, कवळी असेल तर काढून ठेवा, आणि जे विचारायचंय ते बिनधास्त विचारा. माझी कॉपी मी इथे काउंटरवर तुमच्या नावाने ठेवते.