टिटिकाकात काटा उशिरा हलतो

हे पाणी समुद्राचं नाही. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरचं हे टिटिकाका सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून 3,812 मीटर उंचावर. पाठीवर सिलिंडर घेऊन नावेत नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी धाप लागते.

आता डायव्हरच्या या मनगटाकडे बघा. सोन्याच्या वस्तू पुढे येणारच आहेत, पण आधी हा काटा नीट बघायलाच हवा. समुद्रासाठी बनवलेला, खोली दाखवणारा हा जुना डेप्थ गेज. डायव्हर एक मीटर खाली गेला, मग दोन, तीन. काटा शून्यालाच टेकलेला. जवळपास पावणेचार मीटरांवर तो पहिल्यांदा हलतो. समुद्रकिनारी हवेचा दाब एक धरला तर इथे तो जेमतेम 0.63 भरतो. ही तूट पाण्याने भरून निघेपर्यंत काट्याच्या लेखी डायव्हर अजून वरच असतो.

तारकर्लीच्या समुद्रात 10 मीटरांवरून वर आलं की अंगावरचा दाब निम्मा होतो. इथे तेवढ्याच खोलीवरून वर येताना तो अडीच पटींहून जास्त घटतो. पाण्याखाली दाबाने अंगात मुरलेला श्वासातला नायट्रोजन तितक्याच जोराने बाहेर पडू बघतो. म्हणून किती खोलीवर किती वेळ राहायचं ते सांगणारं डायव्हिंगचं टेबल बघताना इथले 10 मीटर समुद्रातले 16 धरायचे. गोडं पाणी हलकं असतं, त्याची थोडी सूट मिळते. शहाणा डायव्हर ती घेत नाही. वर यायचं तेही समुद्रातल्यापेक्षा सावकाश, आणि नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना घ्यायचा 5 मीटरांवरचा थांबा इथे 3 मीटरांच्या आसपास. किनाऱ्यावरून आलेल्या माणसाच्या अंगात इथल्या मानाने आधीच जास्तीचा नायट्रोजन असतो, त्यामुळे पोहोचल्या पोहोचल्या पाण्यात उतरायचंच नाही.

सरोवरातल्या सूर्यबेटाजवळचा हा खोआचा खडक. 2013 मध्ये ब्रसेल्सच्या विद्यापीठाच्या पथकाने इथला गाळ उपसला. इथल्या प्राचीन तिवानाकू लोकांनी हजारेक वर्षांपूर्वी पाण्यात अर्पण केलेल्या वस्तू निघाल्या: प्यूमाच्या आकाराची धूपपात्रं, सोन्याचे पातळ पत्रे, आणि पार इक्वाडोरकडच्या उबदार समुद्रातले शिंपले.

वर यायची घाई केली तर सांधे धरतात, लकवा होतो, जीवही जातो.

सरोवराच्या अरुंद भागात, टिक्विनाच्या धक्क्यावर, बस तराफ्यावर चढतेय. पलीकडचा रस्ता ला पाझकडे जाताना 4,000 मीटरांच्या वर चढतो. डायव्हर या बसमध्ये नाहीत. त्यांचे सूट अजून अंगणातल्या दोरीवर वाळताहेत. ते उद्या निघतील.