लाल झाकणाची ट्यूब

सकाळचे सात. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या वाड्याच्या ओसरीवर रक्ततपासणीसाठी रांग लागली आहे. बाकाखाली बघा. आजींच्या एकाच पायात चप्पल आहे, दुसरी मागे उंबऱ्याशी राहिली. ती निसटल्याचं त्यांना कळलंच नाही.

“बा, मुठ्ठी वाळो,” लॅबवाला मुलगा सांगतो. आजी मूठ आवळतात. दंडाला पट्टा, कोपराच्या खळगीत सुई. आधी लाल झाकणाची ट्यूब भरते, मग जांभळ्या झाकणाची. जांभळ्या ट्यूबमधून हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींचा आकार कळतो. पुष्कळ जण तेवढंच तपासून समाधान मानतात. आम्ही मात्र लाल ट्यूबच्या मागे गेलो.

तिच्यातलं रक्त मुद्दाम गोठू देतात. अर्धा तास ती स्टँडमध्ये नुसती उभी. मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं गरगर. बाहेर काढली की तळाशी गडद लाल गाठ आणि वर पातळ केलेल्या तुपाच्या रंगाचं सीरम. जीवनसत्त्व बी १२ मोजतात ते या सीरममध्ये, आणि तेही पिकोग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम. मिलिलिटरमागे आकडा २००च्या खाली गेला, की बहुतेक लॅब कमतरता धरतात.

इंजेक्शनच्या या छोट्या काचेच्या कुपीतलं, अँप्युलमधलं, लालभडक औषध म्हणजे तेच बी १२. १९४८ साली ते यकृताच्या अर्कातून शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या मदतीने त्याची रचना उलगडली. केवढा गुंतागुंतीचा रेणू, आणि मधोमध कोबाल्टचा एकच अणू! १९६४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

भाजी-भाकरीत बी १२ नसतं. शाकाहारी घरात ते येतं दूध-दह्यातून. यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून तो आटत चालल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही. हिमोग्लोबिन चांगलं असतानाही मज्जातंतूंना इजा होत असते; पाय बधिर होतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. म्हणूनच शाकाहारी असाल, साठी ओलांडली असेल किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असाल, तर डॉक्टरांना बी १२चं नाव घेऊन विचारा. उशीर झाला तर चालताना तोल जातो, विसर पडू लागतो, आणि गेलेलं सगळंच भरून येतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १२.४. बी १२ फक्त १३८. मुलगा आकडे मोठ्याने वाचतो. आजी आपल्या पायांकडे बघत राहतात.